इथेच बसून जेवायचं

खिदिरपूरच्या घरात आम्हाला सकाळ कळायची ती बोटीच्या भोंग्याने. घसा बसलेल्या म्हाताऱ्याने खाकरावं तसा तो भोंगा लांबलचक वाजे आणि त्याच्या मागोमाग गोदीचा पूल वर उचलला जाई. मग पुलाच्या दोन्ही अंगांना ट्राम, रिक्षा, हातगाड्या अडकून पडत, घंट्या वाजवत, आणि माणसं तीन-चार भाषांत बोटीला शिव्या देत. आमचं बिऱ्हाड तळमजल्यावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूल दिसत नसे, पण आवाजावरून सगळं समजे. मावशी कढईत फोडणी टाकता टाकता म्हणे, "पूल खाली आला का ऐक गो शकू. मासेवाला पलीकडेच अडकला असणार." ती मूळची मालवणकडची. मासेवाला पलीकडे अडकणं म्हणजे तिच्या लेखी मोठंच संकट होतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, कमलमावशी. तिच्या यजमानांना मी काका म्हणत असे. ते गोदीत कस्टमच्या नोकरीत होते. मी गावी चौथी पास झाले त्याच उन्हाळ्यात आई गेली आणि मावशीने मला इकडे आणलं. इथल्या शाळेत घालायचं दोनदा ठरलं. एकदा भाषा आडवी आली, एकदा मावशीचं बाळंतपण आलं. मग ते राहूनच गेलं. त्याचं मला फारसं दुःख झालं नाही. घरात कामं भरपूर होती आणि मला कामं आवडत. फक्त चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची. मराठी बायका आल्या की मी पाण्याचे पेले ठेवून आत पळे. बंगाली मात्र मला बरं येऊ लागलं होतं. मासेवाला, मोलकरीण, नळावरच्या बाया यांच्याशी बोलताना कुणी आपल्याला तोलत नाही, म्हणून असेल.

ही हकीकत मी सोळा-सतरा वर्षांची असतानाची. त्या वर्षी सीमेपलीकडे लढाई पेटली होती आणि तिकडून माणसं लोंढ्याने येत होती. बहुतेक छावण्यांत गेली, काही जण ओळखीपाळखीच्या आधाराने शहरात शिरले. आमच्या रस्त्याच्या कडेला महापालिकेने जमिनीत घालायला म्हणून सिमेंटचे मोठाले नळ आणून टाकले होते, माणूस वाकून आत जाईल एवढे. पाऊस सुरू झाला आणि त्या नळांत कुटुंबं राहायला आली. एका तोंडाला चटई, दुसऱ्या तोंडाला पोतं. आत सरपण पेटत नसे. पेटलंच तर सगळा धूर एका तोंडातून बाहेर येई आणि लांबून ते आगगाडीच्या इंजिनासारखं दिसे.

आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी ठरवलं की आपणही काही करायचं. मराठी घरं त्या भागात होती तरी किती! काही माझ्या काकांसारखी सरकारी, काही बँकेतली, दोन-तीन पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली. पण गणपतीच्या प्रसादाची मोठी पातेली, झारे आणि पराती आमच्या जिन्याखाली पडून असत, मागच्या अंगणात नळ होता आणि एक गॅरेज रिकामं होतं. म्हणून खिचडी आमच्याकडे शिजायची ठरली. बडाबाजारातल्या एका शेठजींनी उकडा तांदूळ आणि मसूर डाळीची पोती पाठवली.

या सगळ्याची सूत्रं गोडबोलेबाईंच्या हातात होती. त्या पुण्याच्या. यजमान बँकेत मोठे अधिकारी, बदलीवर आलेले. बाई अंगाने बारीक, बोलणं खणखणीत, आणि कामाला वाघीण. पहाटे सगळ्यांच्या आधी येत, पोती मोजून घेत, पातेली उलटी करून तळ बघत. त्यांचा एकच नियम होता. जे मिळेल ते इथेच बसून जेवायचं. डबा आणायचा नाही, पदरात बांधायचं नाही, कोरडं धान्य तर नाहीच नाही. आदल्या वर्षी कुठल्याशा मदतीतली दुधाची भुकटी त्यांनी चहाच्या टपरीवर विकायला ठेवलेली पाहिली होती. त्या म्हणत, "पोटात गेलं ते आपलं. पिशवीत गेलं ते बाजारात गेलं."

काका हे ऐकून मावशीला म्हणाले, "यांना आमच्या खात्यात घ्यायला हवं होतं. बोटी रिकाम्याच यायला लागल्या असत्या."

पहिल्या दिवशी मावशीने सवयीने खिचडीत आमसुलं टाकली. पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने ते काळं काहीतरी चिमटीत धरलं, उजेडाकडे करून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि हळूच पानाखाली ठेवलं. त्याचं बघून साऱ्या पंगतीने तसंच केलं. दुसऱ्या दिवसापासून आमसुलं बंद. सरसूच्या, म्हणजे मोहरीच्या तेलाची फोडणी, हळद, मीठ, मिरची, वर बटाट्याच्या फोडी. कांदा आणि लसूण मात्र मावशीने पहिल्यापासून वगळला होता. "त्यांच्यात विधवा फार कडक पाळतात," ती म्हणाली, "सगळ्यांना चालेल असंच करू." या समजूतदारपणाबद्दल गोडबोलेबाईंनी तिचं चारचौघींत कौतुक केलं, आणि मावशी दोन दिवस खुशीत होती.

माझं काम पाणी आणि मीठ वाढायचं. पंगत बसली की शालपानांच्या पत्रावळींवर खिचडी पडे आणि मग बराच वेळ कुणी बोलत नसे. शंभर-सव्वाशे माणसं नुसती जेवताहेत, हा आवाज मी नंतर लग्नकार्यांत पुष्कळदा ऐकला, पण तो तसा नसतो. लग्नात लोक बोलत बोलत जेवतात.

पंगतीच्या टोकाला, शेजारच्या माणसापासून हातभर जागा सोडून, एक म्हातारी बसे. बिनकाठाचं पांढरं लुगडं, बारीक कापलेले केस, गळ्यात तुळशीची माळ. पाण्याचा तांब्या स्वतःचा आणलेला असे. सगळे तिला पिशिमा म्हणत, म्हणजे आत्या. ती भाच्याच्या संसाराबरोबर नळात राहायची. भाचा गोदीत रोजावर हमालीला जाई. पिशिमा पान घेई, पानाला नमस्कार करी, इकडेतिकडे बघत बसे, आणि पंगत उठायच्या बेतात आली की पान चहू बाजूंनी मुडपून पदराखाली घेई.

गोडबोलेबाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. त्या आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाल्या, "माताजी, इधरच खाने का. बांधने का नहीं."

पिशिमा अगदी गोड हसली. "हॅं मा, हॅं मा," म्हणाली आणि पान पदराखाली घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी बाईंनी झारा खाली ठेवला.

"कमलताई, उद्यापासून तिच्यापुढे पान मांडायचं नाही."

"अहो, म्हातारी आहे ती."

"म्हणूनच. म्हाताऱ्या फार पक्क्या असतात. विकत असणार कुठे तरी. एकीला सोडलं की परवा सगळ्या पदर पसरतील, आणि जो खरोखर उपाशी आहे त्याच्यापर्यंत काही पोचायचं नाही."

 बाई गेल्यावर मावशी मला म्हणाली, "तुला त्यांची भाषा येते. जा तिच्यामागून आणि बघ ती त्याचं करते काय."

मी गेले. पाऊस थांबलेला होता, नळांवर कपडे वाळत घातले होते. पिशिमाच्या नळात चटईच्या आड तिची भाचेसून चार दिवसांच्या मुलाला घेऊन पडली होती. पिशिमाने पान तिच्यासमोर उलगडलं आणि ती पोरगी उठून बसून अशी जेवायला लागली की मला बघणं बरं वाटेना. पिशिमाने स्वतः एका वाटीत मूठभर पोहे भिजत घातले होते, त्यांवर मिठाचा खडा.

"तुम्ही खिचडी नाही घेत?" मी विचारलं.

"माझं चालतं गं हे."

मला वाटलं, हिला माहीत नसेल. म्हणून मी म्हणाले, तिच्यात कांदा नाही, लसूण नाही, माझ्या मावशीने तुमच्यासाठी मुद्दाम टाकलेला नाही. बंगालीत तोवर मी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य असावं.

"ओ मा!" पिशिमा म्हणाली, "पण डाळ मुसुरीची ना? मुसुर तर आमिष. विधवेला मासा आणि मुसुर सारखेच." लहान मुलाला विस्तव भाजतो हे सांगावं तसं तिने मला सांगितलं. रागाने नाही, तक्रार म्हणूनही नाही. मग तिने कुतूहलाने विचारलं, "तुमच्या देशात विधवा मुसुर खातात?"

मी आठवून पाहिलं आणि म्हणाले, "खातात."

तिने माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं.

घरी आले तेव्हा मावशी विळीवर मासे कापत होती. मी सांगितलं तशी ती आधी हसत सुटली. "मेल्यांनो! ब्राह्मणसुद्धा तिन्ही त्रिकाळ मासे खातात यांचे, आणि मसूर वर्ज्य? डाळ कधी मासा असते का गो?" काका पेपरामागून म्हणाले, "म्हणजे कांदा वगळलात, लसूण वगळलात आणि पातेल्यात नेमका मासाच टाकलात." मावशी आणखी हसली. मग हात थांबवून म्हणाली, "ती यायला लागून किती दिवस झाले असतील?" काकांनी पेपर खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी डाळ निवडताना मावशीने गोडबोलेबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "हे बघा, भुकेल्या माणसाने डाळीचं नाव विचारायचं नसतं. खरी भूक लागली की माणूस काहीही खातो. खात नाही, याचा अर्थ तेवढी भूक नाही."

"तुमच्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा एकादशीला साबुदाणा संपला होता. त्यांनी पोळी खाल्ली?"

"त्यांची गोष्ट वेगळी."

"वेगळी ती काय? त्यांना तुम्ही केळी आणून दिलीत. हिला कुणी दिली नाहीत."

गोडबोलेबाई बराच वेळ डाळीतले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "मूग मी घरून आणते. पातेलं वेगळं लावा. पण खायचं इथेच."

आता मी याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, न्यू टाउनमध्ये मुलाच्या घरी राहते. इथल्या उंच इमारतींत धूर नाही, भोंगे नाहीत. आमच्याकडे कामाला येणारी झरना मला दीदा, म्हणजे आजी, म्हणते. तिला रेशन मिळतं, पण त्यासाठी यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. भांडी घासून घासून तिच्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात, त्यामुळे यंत्र तिला कधी ओळखतं, कधी ओळखत नाही. मी विचारलं, मग त्या दिवशी काय करतेस? ती म्हणाली, "हात धुऊन परत लाइनीत उभी राहते, दीदा. नाहीच ओळखलं तर उद्या जाते." माझा मुलगा म्हणतो, यंत्र नसेल तर चोऱ्या होतील. त्याचं खोटं नाही. गोडबोलेबाईंचंही खोटं नव्हतं.

तर तेव्हा मुगाची खिचडी झाली, तीही फसली. मावशी स्वतः छोटं पातेलं घेऊन पिशिमापाशी गेली आणि हातवारे करून म्हणाली, "मूग, मूग! नो मसूर!" पिशिमाने हात जोडले. तिची नजर मावशीच्या मनगटावर होती. तिथे, बांगड्यांच्या वर, सकाळच्या माशाचं एक खवलं चिकटलेलं होतं. ते मी पाहिलं, पिशिमाने पाहिलं. मावशीने पाहिलं नव्हतं.

"आता काय झालं?" गोडबोलेबाई लांबून ओरडल्या.

पिशिमा मला हळूच जे बोलली ते मी मावशीच्या कानात सांगितलं, की ती दुसऱ्याच्या हातचं शिजवलेलं खात नाही, आणि आधीच एकदा उकडलेला म्हणून तिला उकडा तांदूळही चालत नाही. मावशीने माझ्या नजरेच्या रोखाने मनगट बघितलं, पदराने पुसलं आणि बाईंना सगळं मोठ्याने सांगितलं. बाईंचा चेहरा लाल झाला. घरचे मूग त्यांनी आदल्या रात्री स्वतः भाजले होते. "मग काय काशीहून आचारी आणायचा हिच्यासाठी? पुरे झालं. उद्यापासून हिचं पान बंद."

पिशिमाला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला असावा. ती तांब्या घेऊन उठायला लागली. उठताना तिने जमिनीला हात टेकला, आणि तो हात तिला वर उचलता येईना. ती तशीच वाकून, एका हातावर, उंबऱ्यात अडकलेल्या माणसासारखी थांबली. पंगतीतल्या लोकांनी तिच्याकडे पाहून खाली पाहिलं. मावशीने पुढे होऊन तिला धरलं असतं, पण तिला शिवावं की शिवू नये हे तिला समजेना. मग पिशिमा आपोआपच खाली बसली आणि आमच्याकडे बघून ओशाळं हसली.

मला त्या वेळी आमच्या गावचे भटजी आठवले. श्रावणात ते आले की आई त्यांना शिधा काढून देई. तांदूळ, मूग, तूप, गूळ, दोन केळी. ते मागल्या पडवीत स्वतः चूल मांडून रांधत, कारण आमच्या हातचं त्यांना चालत नसे. आईला त्यात अपमान वाटत नसे. उलट ती माझ्याकडून पडवी दोनदा सारवून घेई आणि तूप जास्त घाली.

"तिला शिधा द्या," मी म्हणाले.

आवाज बहुधा मोठा निघाला, कारण सगळ्या बायका वळल्या. गोडबोलेबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू पाण्याची घागरच बोलली. माझे कान गरम झाले. पण सुरुवात झाली होती, म्हणून मी पुढचंही बोलून टाकलं. "भटजींना देतात तसा. ती रांधून घेईल. अंगणातल्या नळापाशी चूल मांडून देते मी."

"कोरडं धान्य द्यायचं नाही, ठरलंय आपलं."

"इथेच रांधेल."

"आणि खाईल?"

"इथेच."

बाईंनी पिशिमाकडे पाहिलं, तिच्या त्या हाताकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "एक दिवस. पण तिने खाल्लेलं मला दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल मांडली आणि जागा शेणाने सारवली. शेण आणायला पुलापलीकडच्या गोठ्यापर्यंत जावं लागलं. कुंभाराकडची नवी हंडी काकांनी आणली. साधा तांदूळ आणि मूग गोडबोलेबाईंच्या घरून आले, एका केळीच्या पानावर नीट मांडून, बरोबर एक कच्चं केळं आणि द्रोणात तूप. तूप त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पिशिमाने नळावर आंघोळ केली, ओलेत्याने चूल पेटवली, हंडीत सगळं एकत्र टाकलं आणि केळं आख्खंच वर ठेवलं. तिकडे मोठी पंगत बसली, उठली, पानं उचलली गेली. इकडे हंडी उतरली. पिशिमाने पानावर भात काढला, तूप घातलं, पाणी फिरवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

आम्ही वाट पाहत होतो. भाताची वाफ कमी कमी होत गेली.

"आता काय?" गोडबोलेबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

मी जाऊन विचारलं. पिशिमा खालच्या आवाजात म्हणाली, की दिवसातून एकदा ती जेवते, आणि जेवताना कुणाची नजर पानावर पडली तर तिला ते पान सोडावं लागतं. आपल्या गावच्या घरी ती दार लावून घेत असे. "तुम्ही जा ना जरा," ती म्हणाली. "मग मी खाते."

मी हे येऊन सांगितलं. मावशी कपाळाला हात लावून बसली. गोडबोलेबाईंनी सारा पावसाळा शेकडो माणसांचा घास न्‌ घास तोंडात जाताना पाहिला होता. तोच त्यांचा पुरावा होता. शेठजींना त्या छातीठोकपणे सांगत, आमच्याकडचा दाणा बाहेर गेलेला नाही. आता नुसतं मान वळवून निघून जायचं म्हणजे त्यांच्या हिशेबी सगळंच सोडून देण्यासारखं होतं. त्या उभ्या राहिल्या. मग दोरीवर वाळत घातलेली आमची पांढरी चादर त्यांनी ओढून काढली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं.

"ताठ धर," त्या म्हणाल्या. "आणि वळून बघायचं नाही."

आम्ही दोघी चुलीकडे पाठ करून, मधे चादर धरून उभ्या राहिलो. गॅरेजची भिंत समोर होती. बराच वेळ काही नाही. मग पानावर बोटं फिरल्याचा आवाज आला. मग गिळल्याचा. मग तांब्यातलं पाणी घशात ओतल्याचा. मग पुन्हा पानाचा. गोडबोलेबाई मान जराशी कलती करून ऐकत होत्या. गोदीकडून भोंगा वाजला तेव्हा त्यांनी वैतागून तिकडे पाहिलं, मधला आवाज चुकला म्हणून. माझे हात भरून आले होते. मला वाटतं त्यांचेही आले असावेत, पण चादर खाली आली नाही.

"जेवली," शेवटी त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवायला गेले तर अंगणातल्या नळापाशी पिशिमाखेरीज आणखी तिघी-चौघी बसल्या होत्या. तशाच पांढऱ्या लुगड्यांतल्या, तशाच कापलेल्या केसांच्या, प्रत्येकीचा तांब्या आपापला. यांतली एकही आम्ही कधी पंगतीत पाहिली नव्हती. त्या त्याच रस्त्यावर राहत होत्या, इतके दिवस. गोडबोलेबाई दारात आल्या आणि थबकल्या. त्यांनी त्या बायकांकडे एकेकीकडे पाहिलं, मग विटांकडे, मग दोरीवरच्या आमच्या त्या लहान चादरीकडे.

"शकू," त्या म्हणाल्या, "आमच्या घरी जा आणि मोठ्या पलंगाची चादर घेऊन ये."